टपावरचं ठिगळ

त्या रविवारी बाबा नेहमीप्रमाणे गाडीच्या टपाला बूटपॉलिश करत होते.

यात आता कुणाला नवल वाटत नसे. गाडी जुनी, लांबलचक, अंगाने मलई रंगाची आणि वरून काळी. तिच्या पत्र्याच्या टपावर कारखान्यातच काळं रेक्झिन ताणून चिकटवलेलं होतं. त्या काळी ती श्रीमंती समजली जाई. ती श्रीमंती एव्हाना जागोजागी तडकली होती, मागच्या काचेपाशी तिला फुगा आला होता, आणि उजव्या बाजूला बाटलीच्या झाकणाएवढं गोल ठिगळ होतं. बाबांचं म्हणणं असं, की रेक्झिन हा शेवटी चामड्याचा चुलतभाऊ, आणि चामड्याला काय लागतं हे चौतीस वर्षं रोज बूट घालून कचेरीत गेलेल्या माणसाला कुणी शिकवू नये. आधी ब्रश, मग फडकं, मग चार पावलं मागे जाऊन डोळे बारीक करून बघणं. हा कार्यक्रम वीसेक वर्षं दर रविवारी चालू होता.

धाकटी मुलगी पॉलिशची डबी धरून शेजारी उभी होती. वय एकोणचाळीस, नोकरी ग्रंथालयात. घरात तिला विदुषी म्हणत. नवव्या वर्षी आंघोळीला जाताना पुस्तक नेऊन ते बादलीत पाडल्याबद्दल बाबांनी ही पदवी दिली होती, आणि पुढे ती काढून घेण्याजोगं काही तिच्या हातून घडलं नव्हतं. निदान बाबांना कळेल असं तरी.

शेजारच्या ओट्यावर मांजरवाले काका पेपर वाचत होते. काका आणि बाबा यांच्यात तीन हातांचं अंतर आणि बावीस वर्षांचा अबोला होता. अबोला होता म्हणजे ते बोलत नसत असं मुळीच नाही. दिवसभर बोलत. पण विदुषीमार्फत.

“विदुषी, त्यांना सांग, ब्रशचे शिंतोडे इथवर येतायत.”

“विदुषी, त्यांना सांग, पेपर घरात बसूनही वाचता येतो. अक्षरं तीच असतात.”

विदुषीला प्रत्यक्षात काही सांगावं लागत नसे, दोघांचेही कान ठणठणीत होते. तिने फक्त मध्ये उभं राहायचं, टेलिफोनच्या खांबासारखं. ती परगावी असली की हे काम दूधवाल्याकडे जाई, आणि तो घाईत असे म्हणून भांडणं तुंबत.

अबोल्याचं कारण ते ठिगळ. बावीस वर्षांपूर्वी तिथे भोक पडलं होतं, आणि ते काकांच्या ठमी नावाच्या मांजरीने पाडलं असा निकाल बाबांनी भर आवारात उभ्या उभ्या दिला होता. काका म्हणाले, मांजरीच्या नखाने गोल भोक पडत नाही. बाबा म्हणाले, तुमची मांजर काहीही करू शकते. तिथून पुढे विदुषी आणि दूधवाला.

ठमी निर्दोष होती. भोक विदुषीने पाडलं होतं. कॉलेजच्या कार्यक्रमाच्या दिवशी वाऱ्याने तिची ओढणी सज्जावर उडाली, ती काढायला ती आयुष्यातल्या पहिल्या उंच टाचांसकट टपावर चढली, आणि उजवी टाच रेक्झिनमधून आत गेली ती पत्र्याला खळगा पाडूनच थांबली. टाच निघाली, पण टाचेखालचं लाल रबर कुठेतरी पडलं. घरी तिने सांगितलं की रबर रस्त्यात हरवलं. टपाचं ती संध्याकाळी सांगणार होती. पण संध्याकाळपर्यंत निकाल लागलेला होता, आणि लागलेल्या निकालात कबुलीजबाब कुठे घालायचा हे तिने वाचलेल्या कुठल्याच पुस्तकात नव्हतं. आठवडाभराने बाबांनी भोकावर ठिगळ लावलं आणि त्याच संध्याकाळी तिच्या सँडलला नवं रबरही बसवून आणलं. आपलं नशीब जोरावर आहे, असं तिला तेव्हा वाटलं होतं.

“डबी संपली,” बाबा म्हणाले. “उद्या येताना आण एक. काळी. मागे तू तपकिरी आणली होतीस.”

“ते पंधरा वर्षांपूर्वी.”

“टपाच्या लक्षात आहे.”

विदुषी हसली. योग्य वेळ बघून सांगू, असं ती बावीस वर्षं ठरवत आली होती, आणि ती वेळ हीच आहे असं तिला क्षणभर वाटलं. पण काका पेपरआडून ऐकत होते. पुढच्या रविवारी सांगू, असं तिने ठरवलं.

सोमवारी सकाळी दाढी करता करता बाबा गेले. अर्धी दाढी व्हायची होती. डॉक्टर म्हणाले, त्रास झाला नसेल. सगळे डॉक्टर असंच म्हणतात, हे विदुषीला वाचून माहीत होतं, तरी तिने ते मानून घेतलं.

दोन महिन्यांनी वाहन नोंदणी कार्यालयाचं पत्र आलं. ते बाबांच्याच नावाने होतं. मालकाचं निधन झाल्याचं समजतं, सबब मालकाने कळवावं, असा त्याचा एकंदर सूर होता. गाडी वारसाच्या नावावर करून घ्यावी. त्यासाठी ती महिनाअखेरीस तपासणीला सुस्थितीत हजर करावी. न केल्यास नोंद रद्द होईल. जुन्या गाडीची नोंद एकदा रद्द झाली की ती पुन्हा होत नाही, तिचं भंगार होतं.

दादाने फोनवरच निकाल दिला. निकाल देणं हा घराण्याचा गुणच होता.

“विकून टाक. माझ्या ओळखीचा एक भंगारवाला आहे, घरी येऊन घेऊन जाईल.”

“मी नावावर करून घेते.”

“अगं, गाडी म्हणजे काय पुस्तक आहे का, कव्हर घालून ठेवायला? तपासणीत बसली तर ठेव बाई. नाही बसली तर मी त्याला पाठवतो.”

आईला विचारलं तर ती म्हणाली, गाडी दारात दिसली पाहिजे, एवढंच. तिला खिडकीतून बाहेर बघताना मध्ये काहीतरी काळं लागतं, तीस वर्षांची सवय आहे.

तेव्हा गाडी बसवायची. इंजिन ठीक होतं, चाकं ठीक होती. राहता राहिला मागच्या काचेपाशी आलेला तो फुगा, रेक्झिन पत्र्यापासून सुटल्यामुळे आलेला. काम किरकोळ होतं. किरकोळ कामांबद्दल माणसाने सावध असावं, पण ते नंतर सुचतं.

विदुषीने ग्रंथालयातून तीन पुस्तकं आणली. त्यांतलं एक फर्निचरचं निघालं आणि दुसरं त्वचारोगांचं, पण तिसऱ्यात स्पष्ट लिहिलं होतं: फुग्यात सुईने गोंद सोडून वरून दाबावं. ती औषधांच्या दुकानात गेली आणि जाड सुईची सिरिंज मागितली. दुकानदाराने विचारलं, रुग्ण कोण? विदुषीला खोटं बोलता येत नसे. म्हणजे बावीस वर्षांपूर्वीचं ते एक सोडून. ती म्हणाली, गाडी. दुकानदाराने तिच्याकडे सहानुभूतीने पाहिलं, घरी नुकतं कुणी गेलंय का असं विचारलं, आणि सिरिंजबरोबर झोप चांगली यावी म्हणून एक गवती चहाची पुडीही दिली.

गोंद आत गेला. दाबल्यावर तो सगळीकडे पसरण्याऐवजी एकाच जागी गोळा झाला आणि फुग्याचं गळू झालं. आता आवारातले सगळे जमले. ज्यांनी बाबांना कधी एक सूचना करायची हिंमत केली नव्हती, ते मोकळेपणाने बोलू लागले. पहिल्या मजल्यावरचे निवृत्त शिक्षक म्हणाले, वर पाट ठेवून त्यावर बसावं. ते स्वतः बसूनही दाखवायला तयार होते. तिसऱ्या मजल्यावरच्या मावशी म्हणाल्या, ओलं फडकं टाकून इस्त्री फिरवावी, त्यांच्या पडद्यांचं रबर असंच सरळ झालं होतं. मावशींनी स्वतःची इस्त्री खाली आणली, जिन्यातून वायर सोडली. विदुषीने इस्त्री ठेवली, आणि तेवढ्यात मावशींनी विचारलं, “शेवटी काही म्हणाले का गं ते?”

विदुषी विचार करू लागली. शेवटचं ते काळ्या पॉलिशबद्दल म्हणाले होते. ते सांगावं की न सांगावं, हे ठरेपर्यंत वास आला.

इस्त्री उचलली तेव्हा टपावर इस्त्रीच्या आकाराची खिडकी पडली होती. मावशी म्हणाल्या, त्यांची इस्त्री जरा जास्तच तापते.

मग सीटवाला आला. गाड्यांच्या सीटा आणि टप मढवणारा हा माणूस फार कमी बोलत असे. त्याने टपाभोवती एक फेरी मारली, बोटाने घासलं, बोट हुंगलं.

“बूटपॉलिश?”

“हो.”

“किती वेळा?”

“दर रविवारी. वीसेक वर्षं.”

सीटवाल्याने बोटांवर रविवारांचा हिशेब केला. मग म्हणाला, “माणूस प्रेमळ असणार. पण रेक्झिनला हे विष आहे.”

इतकं पॉलिश मुरलेल्या जागी नवीन तुकडा चिकटणार नव्हता. सगळंच रेक्झिन काढून नवं बसवणं भाग होतं. जुन्या जातीचं, बारीक दाण्याचं रेक्झिन मागवायला दहा दिवस लागणार होते, तोवर पत्रा घासून तयार करता आला असता. विदुषी हो म्हणाली.

रेक्झिन सोलायला अर्धा दिवस गेला. ते सालीसारखं निघत होतं आणि खालून गंज दिसत होता, नकाशातल्या देशांसारखा. वर्षानुवर्षं तड्यांतून पाणी झिरपलं होतं. सीटवाला प्रत्येक देशावर बोट ठेवून च् च् करत होता. शेवटी ठिगळ राहिलं. तेवढं मात्र निघेना. खाली गोंद इतका घातला होता की सीटवाल्याला पातळ पातं घालून ते उचलावं लागलं.

“हे काय?” तो म्हणाला.

ठिगळाखाली पत्र्याच्या खळग्यात लाल रबराचा तुकडा बसवलेला होता. कसाबसा अडकलेला नव्हे. कडेने नीट कापून, गोंद लावून, वरून पत्र्याच्या पातळीत घासून सपाट केलेला. त्याच्याभोवती बोटभर जागेत मूळ मलई रंग कालच लावल्यासारखा चकचकीत होता. गंजाचा एक ठिपका नाही. अख्ख्या टपावर तेवढी एकच जागा शाबूत होती.

विदुषीने तो तुकडा ओळखला. टाचेखालचं रबर. रस्त्यात हरवलेलं.

तिने ते डोळ्यांसमोर आणायचा प्रयत्न केला. ठिगळ लावायच्या त्या दिवशी बाबांनी भोकात बोट घातलं असेल आणि रबर हाताला लागलं असेल. मग काय झालं असेल? आवारभर आरोप करून आठ दिवस झालेले. समोर ओट्यावर काका. वर घरात सतरा वर्षांची मुलगी, एका टाचेवर लंगडत. बाबांनी इकडेतिकडे पाहिलं असेल. आणि मग, खळग्याला नेमक्या मापाचं बूच फुकट मिळतंय तर ते वाया कशाला घालवा, असाही विचार केला असेल. तो माणूस तसा होता. रबर बसवलं, ठिगळ लावलं, आणि संध्याकाळी तिची सँडल घेऊन बाजारात गेले. आणल्यावर एवढंच म्हणाले होते, “उंचावर जपून चालावं.” ते टाचांबद्दल असावं, असं ती धरून चालली होती.

“फेकू?” सीटवाल्याने विचारलं.

“नको. तिथेच परत बसवता येईल?”

त्याने रबर खळग्यावर ठेवून पाहिलं. “मापाचंच आहे,” तो म्हणाला, आणि पुढे काही विचारलं नाही. कमी बोलणाऱ्या माणसांचे उपकार असे असतात.

तपासणीची तारीख रेक्झिन येण्याच्या आधी पडली. टप घासून त्यावर पुन्हा गंज धरू नये म्हणून लालसर अस्तररंग लावलेला होता. विदुषीला वाटलं, गाडी तर तीच आहे. ती तशीच घेऊन गेली.

तपासनीसांनी कागद पाहिला, खिडकीतून गाडी पाहिली, पुन्हा कागद पाहिला.

“कागदावर टप काळा आहे.”

“काम चालू आहे. आठवड्याभरात काळा होईल.”

“आज लाल आहे. रंग बदलला असेल तर रंगबदलाचा अर्ज करा.”

विदुषीने अर्ज भरला. तपासनीस म्हणाले, यावर मालकाची सही लागते. ती म्हणाली, मालक वारले. मग आधी नाव बदलून घ्या, ते म्हणाले. नाव बदलायलाच आले आहे, ती म्हणाली. त्यासाठी गाडी दाखवावी लागते, ते म्हणाले. तिने खिडकीकडे बोट केलं. तपासनीस दुःखी झाले. ते काही वाईट गृहस्थ नव्हते, फक्त रांगेत सगळं यावं असं त्यांना वाटे.

“बाई, तिथे एक गाडी आहे हे मला दिसतंय. पण ती ही नाही.” त्यांनी कागदावर बोट टेकवलं. “ही आणा. पुढचा बुधवार, शेवटचा. त्यानंतर माझ्या हातात नाही.”

विदुषीने अस्तित्वाच्या प्रश्नावर बरंच वाचलं होतं. इतकं थोडक्यात कुणी मांडलेलं तिच्या पाहण्यात नव्हतं. बाहेर येऊन तिने दादाला फोन केला नाही, पण दादाने तिला केला. भंगारवाल्याला त्याने गुरुवार दिला होता.

रेक्झिन सोमवारी संध्याकाळी आलं. मंगळवारी दुपारी, ऊन चढल्यावर, काम सुरू झालं. सीटवाल्याने आयुष्यातलं सगळ्यात लांब भाषण केलं: गोंद पत्र्याला आणि रेक्झिनला, दोन्हीला लावायचा, दोन्ही बोटाला चिकटेनासे होईपर्यंत थांबायचं, मग मधली रेघ जुळवून चार कोपऱ्यांना चौघांनी एकदम ताणायचं, एकदा टेकलं की टेकलं, परत उचलता येत नाही. चौघं पाहिजेत. त्याचा भाऊ आजारी पडल्याने त्याच्याकडे तो एकटाच होता.

आईने पदर खोचला. ती, विदुषी आणि सीटवाला मिळून तीन झाले. शिक्षकांची कंबर धरली होती; ते पाटावर बसून दाखवत होते म्हणतात. मावशी आपण होऊन घरी नव्हत्या.

ओट्यावर पेपर खाली झाला.

“विदुषी, त्यांना सांग,” काकांनी सुरुवात केली, आणि ते थांबले. कुणाला सांगायचं हे त्यांच्या लक्षात आलं. बाबा गेल्यापासून ते रोज पेपर घेऊन ओट्यावर बसत होते, पण पानं उलटत नव्हते, हे विदुषीने पाहिलं होतं. ते उठले, बाह्या दुमडल्या आणि उजव्या बाजूच्या मागच्या कोपऱ्याशी येऊन उभे राहिले. “कुठे धरायचं?” त्यांनी सीटवाल्याला विचारलं.

गोंद लावून झाला. सगळे हात वर धरून, कुणाला स्पर्श न करता, वाट बघत उभे होते, शस्त्रक्रियेच्या खोलीत उभे राहतात तसे. अगदी शांतता होती. तेव्हा ठमीची नात सज्जावरून उतरली.

तिला घाई नव्हती. डाव्या बाजूने टपावर आली, पहिलं पाऊल चिकटलं, ते उचलून तिने नापसंतीने झटकलं, दुसरं टाकलं. असं करत ती अख्खा टप ओलांडून उजवीकडे खाली उतरली. गोंदावर पावलांची एक रांग उमटली. हात गोंदाचे असल्याने चौघांपैकी कुणालाच तिला अडवता आलं नाही.

काकांच्या चेहऱ्याकडे बघवत नव्हतं. बावीस वर्षं ज्या आरोपाविरुद्ध त्यांनी मान ताठ ठेवली, तो आज तीन साक्षीदारांसमोर, भर उन्हात सिद्ध झाला होता.

“पुसता येईल?” ते खालच्या आवाजात म्हणाले.

“सगळा गोंद खरवडावा लागेल,” सीटवाला म्हणाला. “मग उद्या नाही जमत.”

“राहू दे,” आई म्हणाली. “ताणा.”

चौघांनी ताणलं.

बुधवारी तपासनीसांनी कागद पाहिला, गाडी पाहिली आणि त्यांचा चेहरा उजळला. हीच ती. ते स्वतः खाली उतरले, टपावरून हात फिरवला, आणि हात थांबला. काळ्या रेक्झिनखाली बारीक उंचवटे लागत होते, एका रांगेत.

“हे काय?”

“मांजर चालून गेलं.”

तपासनीसांनी तिच्याकडे पाहिलं. ही बाई खोटं बोलत नाही, हे त्यांना अनुभवाने माहीत झालं होतं. त्यांनी शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं: टप काळा. मांजराची पावलं आहेत. वाहन नोंदीप्रमाणे. आणि शिक्का मारला.

विदुषीने गाडी आणून नेहमीच्या जागी उभी केली. आईने वरून खिडकी उघडली, बघितलं, पुन्हा लावली. दादाला तिने दोन ओळींत कळवलं, भंगारवाल्याचा गुरुवार मोकळा झाला. मग ती गाडीतून उतरली आणि सवयीने ओटा आणि गाडी यांच्या मध्ये उभी राहिली.

काका बसले होते. पेपर घडी घालून मांडीवर. मांजर शेजारी पाय चाटत होती. कालपासून तेच चाललं होतं.

“झालं?” त्यांनी विचारलं.

“झालं. शेऱ्यात मांजरीचं नाव आलं.”

काकांनी मान हलवली. ते टपाकडे वळून बसले. मग म्हणाले, “विदुषी, त्यांना सांग, या वेळी माझ्याच मांजरीने केलं. मी मान्य करतो म्हणावं. पण मागच्या वेळचं...” त्यांनी मांडीवरच्या पेपरची घडी उलटी केली. “मागच्या वेळचं तेवढं नाही, असं सांग.”

विदुषीने एवढ्या वर्षांत एकही निरोप प्रत्यक्ष पोचवला नव्हता. कधी गरजच पडली नव्हती. ती टपाकडे वळली, उजव्या बाजूला, जिथे रबर होतं तिथे तळवा ठेवला, आणि काकांना नीट ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणाली:

“बाबा, काका म्हणतायत, या वेळी त्यांच्या मांजरीने केलं. आणि मागच्या वेळी मी केलं होतं. ओढणी काढायला सँडल घालून मी वर चढले होते. तुम्हाला माहीत होतं, तरी सांगते. भोक मी पाडलं.”